पूर्वेकडची भिंत

आईने तुझं नाव प्रभंजन ठेवलं
आणि तू आयुष्यभर
चहावरसुद्धा फुंकर मारली नाहीस.
निवू द्यायचास. साय धरेपर्यंत.

वाशी, सेक्टर दहा, पहिला मजला.
वर पिल्लेबाईंचं न्हाणीघर,
त्याच्या खाली आपण दोघं भावंडं.
सगळी बिल्डिंग गळतीवरून भांडत होती
तेव्हा तू टूएच पेन्सिल घेऊन खुर्चीवर चढलास
आणि ओल जिथवर उतरली होती
तिथवर, तिच्या कडेकडेने,
रेघ मारलीस.
शेजारी बारीक अक्षरात तारीख.
मला वाटलं, पुरावा गोळा करतोयस.

महिन्याने दुसरी रेघ, पहिलीच्या बाहेर.
मग तिसरी.
मग एका रविवारी पहिल्या रेघेला डोळा आला
आणि डोळ्याभोवती हळूहळू म्हैस झाली,
पाण्यात बसलेली, नुसतं नाक वर.
पोपडा उडाला होता तिथे बगळा.

दिवसा तू बेलापूर रोडच्या कंपनीत
पाइप काढायचास, व्हॉल्व्ह काढायचास,
अर्धा मिलिमीटर न चुकता.
कंपनी बंद झाली त्या संध्याकाळी
डबा ओट्यावर ठेवलास, भरलेला,
आणि म्हणालास, "भेंडी चांगली झाली होती."
रात्री खाडीवरून नेहमीसारखा
औषधी वास येत राहिला.
सकाळी पाहिलं
तर म्हशीला शेपूट आलं होतं.

गुळवणी तक्रारीचा कागद घेऊन आले.
तू सही केली नाहीस.
मी ओरडले, गादीला बुरशी आलीय,
माझा दमा, तुझा सांधा,
बोल ना काहीतरी!
तू कागद उलटा केलास
आणि पाठकोऱ्या बाजूवर हात फिरवलास,
चांगला होता कागद.

पिल्लेबाईंनी शेवटी लाद्या बदलल्या.
भिंत वाळली.
तू दोन दिवस येता-जाता तिला हात लावून बघायचास,
तापकऱ्याच्या कपाळाला लावतात तसा.
तिसऱ्या आठवड्यात ओल परत आली
आणि तू शीळ घातलीस.
माझ्या ऐकण्यातली तुझी एकच शीळ.

गेलास तेही दुपारी, पंख्याखाली,
पेपर छातीवर पालथा.
चहावर साय धरली होती.
मला वाटलं, निवायची वाट बघतोयस.

भेटायला आलेले म्हणाले,
साधा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
मी मान हलवली.
काय सांगणार होते? म्हशीचं?

आता बिल्डिंग पाडायची आहे.
सामान आवरताना गोदरेजचं कपाट सरकवलं
तर त्याच्या मागे, हातभर जागेत,
एक बाई. शिलाई मशिनवर. पाठमोरी.
केस पिनेने वर बांधलेले,
मानेवर एक बट सुटलेली.
स्वतःची मान कुणी पाहिलेली असते?
तरी मी ओळखली.
खाली तारीखच नव्हती.

बिल्डरचा मुलगा लेझर घेऊन आला.
लाल ठिपका म्हशीच्या पोटावर थांबला.
तीन मीटर दहा, त्याने लिहून घेतलं.
मग चित्रांकडे बघून विचारलं,
"लहान मूल आहे का घरात?"
म्हटलं, होतं.

काल तुझ्या गुंडाळीतला ट्रेसिंग पेपर काढला,
भिंतीला चिकटपट्टीने लावला
आणि गिरवायला घेतलं.
माझा हात थरथरतो रे,
म्हैस जरा वाळली आहे.
बगळा मात्र बरा जमला.

तुझ्या शेवटच्या रेघेच्या बाहेर
आता वीतभर ओल पसरली आहे.
ती कशासारखी दिसते, मला कळेना.
पुष्कळ वेळ बघत बसले.
मग खुर्चीवर चढले,
कडेकडेने रेघ मारली, जमेल तशी,
आणि तारीख घातली.

नव्या इमारतीत गळती नसेल म्हणतात.
दहा वर्षांची लेखी हमी आहे.